लोणच्याची बरणी

फार पूर्वी अनसूयाकाकूंच्या घरी भुरी आणि ठिपकी या मांजरबहिणी राहायच्या. भुरी फळीवर उड्या मारून कपबशा फोडायची आणि ठिपकी मुकाट्याने तुकडे चुलीमागे लोटायची.

"आवरायला तू आहेस ना!" भुरी हसायची.

एकदा भुरीने लोणच्याची बरणी पाडली. ठिपकी तुकडे लोटत होती, तेवढ्यात काकू आल्या.

"म्हणजे हे उद्योग तुझे होते तर!"

भुरी माळ्यावर गप्प बसून राहिली. काकू ठिपकीला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडायला घेऊन गेल्या.

मग भुरी खाली उतरली आणि तुकडे लोटू लागली. तिचे पंजे कापले, जखमांना तिखटमीठ झोंबलं. ठिपकी सारखी पाय का चाटत बसायची, ते तिला आत्ता कळलं.

"ठिपके," तिने हाक मारली, "दाखव गं तुझे पाय."