सात मारुतींचे शहर

मुलांनो, उत्तरेकडच्या एका थंडगार सरोवरावर रानबदकांचा एक थवा राहत असे. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे येई. एका वर्षी नेहमीच्या वाटेवरचे पाणी आटले, तेव्हा थव्याच्या म्होरक्याने जुनी वाट धरली. ती त्याला आजोबांनी शिकवली होती आणि तिचा त्याला भलताच अभिमान होता. "चीनमध्ये पाच गावं ओलांडली की तळं, नेपाळात तीन, आणि भारतात सात," असे तो सर्वांना बजावून सांगे. वाटेत कुणाला काही विचारणे त्याला कमीपणाचे वाटे.

पण गावे काय इतकी वर्षे गप्प बसली होती? चीनमधली पाचही गावे वाढत वाढत एकमेकांना भिडली होती. म्होरक्याने ते सारे एकच गाव मोजले आणि "अजून चार" म्हणत थवा पुढे नेला. उंच इमारतींआडचे तळे कुणाला दिसलेच नाही. नेपाळातही तेच घडले. भारतात पोहोचेपर्यंत सगळ्यांचे घसे कोरडे पडले. खाली अफाट शहर पसरले होते. "हे एक झालं. अजून सहा," म्होरक्या म्हणाला. पुढे तर नुसता खारा समुद्र होता.

थव्यातल्या एका बदकीचे पंख आता उचलत नव्हते. ती सरळ एका गच्चीवर उतरली. कठड्यावर कावळा बसला होता. "कावळेदादा, इथली सात गावं कुठं गेली हो?" तिने विचारले.

"जातील कुठं? तुम्ही त्यांच्याच डोक्यावरून उडताय," कावळा म्हणाला. "मधल्या शेतांत घरं झाली, म्हणून सगळं एक दिसतं. पण वेशीवरचा मारुती कुणी हलवलेला नाही. गावं कसली मोजता, मारुती मोजा."

मागोमाग उतरलेला म्होरक्या हे ऐकत होता. त्याने एकदा बदकीच्या लोंबणाऱ्या पंखांकडे पाहिले आणि मान खाली घातली. "माझं मोजणं चुकलं, दादा. तुम्ही पुढं व्हा," तो म्हणाला.

कावळा निघाला. एक मारुती बसस्थानकामागे, दुसरा भाजीमंडईत, तिसरा चक्क उड्डाणपुलाखाली. सातवा ओलांडला आणि इमारतींच्या मधोमध पाणीच पाणी! बदकी सर्वांत आधी पाण्यात उतरली. पाठोपाठ अख्खा थवा उतरला. एकही बदक कमी नव्हते. काठावर फिरायला आलेली माणसे टाळ्या वाजवू लागली.

परतताना म्होरक्याने नेपाळात पारव्याला विचारले, चीनमध्ये चिमणीला विचारले. दोन्ही तळी जिथल्या तिथे होती. थवा दोन्हीकडे मनसोक्त डुंबला आणि दिमाखात घरी पोहोचला.

तात्पर्य : जग वाढले म्हणून जुन्या वाटा हरवत नाहीत, तिथे राहणाऱ्याला विचारण्याइतका मोठेपणा मात्र अंगी हवा.