तुटल्या दोराची गाठ

एका राज्यात एक राणी होती आणि तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. पलंग चंदनाचा, गादी सावरीच्या कापसाची, वारा घालणाऱ्या दासी तरबेज. पण झोप काही पलंगापर्यंत येईना. राणीला घोर एकच: उद्या कुणाचा हात सुटला आणि लेकीचा, शेवंताचा, पाय जमिनीला लागला, तर?

हे राज्य वसले होते एका खोल दरीच्या दोन काठांवर. दरीत घोंघावणारी नदी, आणि नदीवर अंबाडीच्या वाखाच्या दोरांचा झुलता पूल. वर्षप्रतिपदेला राजघराण्यातल्या सर्वांत धाकट्या लेकराने दिवा घेऊन पुलावरून धावत जायचे, पलीकडच्या देवळीत दिवा ठेवायचा. मग दोन्ही काठांवर नगारे वाजत आणि वर्ष सुरू होई. अशी तिथली रीत.

दरीच्या तळाशी कुंभकेतू नावाचा जादूगार राही. त्याला दुपारी झोपायची सवय. दरवर्षी त्याच्या डोक्यावरून पावले धडधडत जात आणि त्याची झोप मोडे. राजकन्या शेवंता दिवा घेऊन निघाली, त्या वर्षी त्याचा संयम संपला. त्याने नुसती फुंकर मारली. पूल मधोमध तुटला. शेवंता कोसळली, वेलींनी तिला वरच्यावर झेलले, जीव वाचला. पण वर आली ती शाप घेऊन आली.

"जिच्या पावलांनी माझी झोप मोडली," कुंभकेतू गरजला, "तिच्या पावलांखाली जमीन ठरू नये!"

आणि तसेच झाले. शेवंताने पाय टेकला की जमीन थरथरे. भिंतीवरच्या ढाली पडत, रांजण कलंडत, म्हशी दावी तोडून पळत. शेवंता डोळे मिटून किंकाळी फोडी. कुणी उचलून घेतले की सारे शांत. राजा भानुदत्त त्या दिवशी लेकीची वाट पाहत पलीकडे उभा होता, तो तिकडेच अडकला. नदीत भोवरे असे की नाव टिकेना. नवा दोर फेकावा तर तो हवेतच कुजून गळून पडे. रोज संध्याकाळी राजा तिकडून मशाल हलवी, राणी इकडून. एवढाच संसार उरला होता.

राणी कुमुद्वती शिकलेली होती, हा आणखी एक घोटाळा. बालसंगोपनाच्या सगळ्या पोथ्या तिने वाचल्या होत्या. एकीत लिहिले होते मुलाला कडेवर घ्यावे, दुसरीत लिहिले होते घेऊ नये. तिने घेतले. मग फर्मान काढले: राजकन्या पालखीतूनच फिरेल, 'पूल' हा शब्द राज्यात कुणी उच्चारणार नाही. आणि खांबाला लोंबणारा तुटका दोर शेवंताच्या नजरेस पडू नये म्हणून तिने तो स्वतःच्या हाताने जाळून टाकला.

तेव्हा म्हातारी दाई सगुणा कपाळावर हात मारून म्हणाली, "हे काय केलंत राणीसरकार! आपल्याकडे दोर तुटला तर नवा त्याच्याच टोकापासून वळतात. आता सुरुवात कुठून करायची?"

"मला कसली सुरुवात करायची नाही, सगुणामावशी. मला माझी लेक हवी आहे."

लेक पालखीत बसून कंटाळली होती. "आई, पूल म्हणायचं नाही, तर मग त्याला काय म्हणायचं?"

"कशाला?"

"ते आपलं... ज्याच्यावरून मी पडले, त्याला."

राणीने घाईघाईने पालखीचा पडदा ओढून घेतला.

एके सकाळी महालाच्या सज्ज्यावर मोठी फडफड झाली. राणी पाहते तो हत्तीच्या पिल्लाएवढा धनेश पक्षी, पिवळीजर्द बाकदार चोच, डोळे माणिकासारखे.

"राणी, शाप सुटेल," धनेश म्हणाला. "कामे तीन आहेत. पहिले तुझे, दुसरे लेकीचे, तिसरे दोघींचे."

"लेकीचे मी केले तर?"

"तर शाप तुमच्या घरात म्हातारा होईल."

राणी म्हणाली, "माझे काम सांग."

"दोराचे एक टोक तू जाळलेस. दुसरे पलीकडून गळून दरीत पडले, ते कुंभकेतूच्या खजिन्यात आहे. ते आण."

राणीने पदर खोचला आणि ती त्याच्या पाठीवर बसली. बसताना तिला वाटले, आपल्याला पालखीतही गरगरते, हे आधी सांगायला हवे होते. पण तोवर महाल खाली बोटाएवढा झाला होता.

वाटेत धनेश एका उंच झाडावर थांबला. झाडाच्या ढोलीला चिखलाने लिंपून भिंत घातलेली, तिच्या फटीतून धनेशाच्या मादीची चोच बाहेर आलेली. धनेशने त्या चोचीत एक उंबर दिले.

"हिला कुणी कोंडले?" राणीने विचारले.

"मीच," आतून उत्तर आले. "पिल्ले उघडी आहेत तोवर भिंत हवी. मग फोडायची."

राणी पुढे झुकली. हे कुठल्याच पोथीत नव्हते. "पण आता फोडायची, हे कळते कसे?"

"पिल्लू आतून टोचू लागते."

राणीला पालखीचा पडदा आठवला.

कुंभकेतू गुहेत घोरत होता आणि त्याच्यामागे खजिना लखलखत होता. त्या खजिन्यालाही शाप होता: दोराखेरीज दुसऱ्या कशालाही ज्याने हात लावला, त्याला परतीची वाट आठवत नसे. राणी हिरे ओलांडून गेली, मोहरा ओलांडून गेली. मग एक आरसा आला. आरशात शेवंता धावत होती, हातात दिवा, वेणी उडते आहे.

"मला ने ना, आई," आरशातली म्हणाली. "मी कधी पडलेच नाही."

राणीचा हात उचलला गेला. बोटे काचेला लागणार, तोच तिचे लक्ष त्या हसऱ्या तोंडाकडे गेले. पुढचे दात सगळे शाबूत होते. खऱ्या शेवंताचे दोन दात परवाच पडले होते, आणि ते कौलांवर फेकताना तिने केवढा गोंधळ घातला होता! ही मुलगी गेल्या वर्षीचीच राहिली होती. घरची पुढे गेली होती.

"बाळा, मला घरी जायला हवे," राणी म्हणाली. डोळे पुसून तिने कोपऱ्यातला ओला, शेवाळलेला दोर उचलला.

कुंभकेतू चाळवला. "कोण आहे?"

राणीच्या हातांना सवय होती. ती त्याच्या उशाशी बसली आणि त्याला थोपटू लागली. "कुणी नाही, कुणी नाही. निज बरं." दरीला धाक घालणारा तो जादूगार अंगठा तोंडात घालून पुन्हा गाढ झोपला.

आता लेकीचे काम. दोराचे टोक खांबाला बांधायचे, त्यात नवा वाख मिसळायचा आणि वळत जायचे. वळताना मागे मागे सरकावे लागते, म्हणजे पाय जमिनीवर हवेतच. शेवंता पालखीतून उतरली. सारा गाव रांजण धरून उभा राहिला.

तिने पाय टेकला. जमीन हादरली, महालावरचा कळस वाकला, शेवंताने किंकाळी फोडली. राणी धावली आणि तिने लेकीला उचलून छातीशी धरले. दोर हातातून सुटला, सगळा पीळ उलगडला.

"काम कुणाचे होते?" धनेशने विचारले.

राणी काही बोलणार, तर शेवंताच कडाडली, "मी म्हटलं होतं का, उचल म्हणून?"

"अगं, तू किंचाळत होतीस!"

"किंचाळत किंचाळत वळत होते ना!"

सगुणादाई पदराआड हसली. राणीला हसावे की रडावे कळेना. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. शेवंता उतरली, जमीन हलली, पोर किंचाळली, आणि वळत वळत वीतभर मागे सरकली. मग आणखी वीतभर. एखाद्या दिवशी जमीन कमी हाले, राणी मनात साखर वाटून मोकळी होई. दुसऱ्या दिवशी अशी हाले की विहिरींचे पाणी काठावर येई आणि शेवंता रुसून दिवसभर दोराला शिवत नसे. तसे झाले की राणीला वाटे, चुकलेच आपले. पण वळलेला पीळ आता उलगडत नव्हता. जुन्या टोकापासून निघालेला दोर कुजतही नव्हता. बायका घरोघरचा वाख घेऊन येऊ लागल्या, आणि एके दिवशी कुणाच्या लक्षात आले, की आज रांजण धरायला कुणी उभेच राहिले नाही.

मग धनेश दोराचे टोक चोचीत धरून उडाला. पलीकडे राजाने ते स्वतः खांबाला बांधले. दोरावर दोर गेले, पूल झुलू लागला.

"तिसरे काम," धनेश म्हणाला, "पूल ओलांडायचा. आधी लेकीने, मग तू."

शेवंता दिवा घेऊन निघाली. पूल डावीकडे झुले, उजवीकडे झुले. दोन्ही काठ श्वास रोखून उभे. जिथे पूल तुटला होता तिथे, अगदी मधोमध, ती थांबली. तेवढ्यात दरीतून कुंभकेतू ताडमाड वर आला.

"कोण माझी झोप मोडते?"

"मी. शेवंता."

"तुला भीती वाटत नाही?"

"वाटते ना! पाय कसे लटपटतात, दिसत नाही का?" असे म्हणून तिने त्याच लटपटत्या पायांनी पुढचे पाऊल टाकले.

घाबरलेला माणूस पुढेही जातो, असे त्या शापात कुठे धरलेलेच नव्हते. शाप तटकन तुटला. भोवरे विरले, नदी संथ झाली. कुंभकेतूचे घुबड झाले; ते तेव्हापासून दिवसभर ढोलीत झोपते आणि कुणाच्या पावलांची तक्रार करत नाही. शेवंताने देवळीत दिवा ठेवला, राजाने तिला डोक्यावर उचलले, दोन्ही काठांवर नगारे दुमदुमले, आणि कधीचे अडलेले वर्ष त्या राज्यात एकदाचे सुरू झाले.

राहिली राणी. तिने पुलावर एक पाऊल टाकले. पूल हलला. शाप तर सुटला होता, मग हे पाय कुणाचे थरथरत होते? तिने दोर घट्ट धरला, डोळे मिटले आणि ती तिथेच उभी राहिली. पलीकडून राजा हाका मारत होता, नगारे वाजत होते. आणि मग पुलावरून धडधडत येणारी पावले तिला ऐकू आली. ती अगदी जवळ येऊन थांबली.

"आई," शेवंता म्हणाली, "किंचाळायचं असेल तर किंचाळ हं. मी नाही उचलणार."