रुसणारी तार

विजेच्या बाबतीत माझ्याइतका जाणकार आमच्या पंचक्रोशीत दुसरा नाही. म्हणून तर घरातला बल्ब बदलायचा झाला की बायको मला आधी बाहेर ओट्यावर नेऊन बसवते. तर ऐका.

एकदा एक वृद्ध गुरू नवरात्रात आपल्या शिष्याच्या घरी देवीच्या दर्शनास गेले. शिष्य भाविक, आणि भाविकांना असते तितकी हौसही त्याला होती. देवीपुढे तेलाचा अखंड दीप होताच. पण भोवती रंगीत माळा इतक्या, आणि त्याही एकाच प्लगात खोचलेल्या, की देवीलाही डोळे किलकिले करावे लागत असतील. फ्यूज सारखा उडे. नवरात्रात घरी अंधार म्हणजे अपशकुन, या भयाने शिष्याने फ्यूजची बारीक तार काढून तिथे तांब्याची जाड तार पिळून बसवली. माळा विझायच्या थांबल्या. तो स्वतःवरच प्रसन्न झाला.

आरतीच्या वेळी जळक्या रबराचा वास सुटला. सर्वांनी तो धुपाचा मानला. धूप कुठल्या दुकानातला आणतात, देवीच जाणे. इतक्यात आजारी आईच्या उशाशी, भिंतीवरच्या बोर्डातून ज्वाळा निघाली. शिष्य अंगणातून कळशी भरून धावला, तर गुरूंनी दारातच काठी आडवी घालून ती बाहेर पालथी केली. शिष्याच्या बायकोला म्हणाले, सासूला आधी अंगणात ने. आणि स्वतः मीटरकडे जाऊन मेन स्विच खाली ओढला. माळा गेल्या, घर गेलं काळोखात. मग घट बसवून उरलेली कोरडी माती टोपलीभर उचलून त्यांनी बोर्डावर फेकली. आग विझली.

अंगणात आई थरथरत होती आणि शिष्य उजेडासाठी रडत होता. फ्यूज उडू नये म्हणून जाड तार घातली, तरी ऐन नवरात्रात देवीला अंधारात ठेवलंत, म्हणाला.

"आत वळून बघ तरी, शहाण्या."

तेलाचा दीप शांत तेवत होता.

गुरू म्हणाले, "विजेच्या आगीवर पाणी टाकलं असतंस तर त्याच पाण्यातून वीज तुझ्या अंगात आली असती. आधी वीज तोडावी, मग माती टाकावी. आणि ती बारीक तार म्हणजे घरातलं रुसकं माणूस रे. भार जास्त झाला की ते पहिलं रुसतं. आपण चिडतो, पण त्याच्या रुसव्यानं घर वाचतं. तू त्याला हाकललंस आणि जाड कातडीचा पाहुणा आणून बसवलास. तो कधी रुसत नाही. घर पेटलं तरी गप्प बसतो."

शिष्याने आईचे गार पडलेले हात हातांत घेतले. वायरमन येऊन पाहीपर्यंत मेनला हात लावणार नाही, असे त्याने कबूल केले.

सून सासूला पदराने वारा घालत होती.

"महाराज," ती म्हणाली, "जाड तारेची अक्कल यांना कुठून आली, सांगू? गुरुपौर्णिमेला तुमच्याच मठातल्या बोर्डात बघून आले होते. घरी येऊन मला म्हणाले, बघ, महाराजांकडचा उजेड कसा कधी जात नाही."