आचार्यांनी नाव सांगितले नाही

एकदा एका तलावकाठच्या गावाला नवा राखणदार निवडायचा होता. पावसाळ्यात तलाव भरू लागला की वेळेवर बांधातला पाणी सोडण्याचा दरवाजा उघडणे आणि वर्षभर बांधाची निगा राखणे, हे त्याचे काम. अशा निवडीच्या वर्षी माघ महिन्यात गाव सभेला जमे आणि हात वर करून निवड करी. पण खरी निवड त्याआधीच झालेली असे. गावाबाहेर राहणारे वृद्ध आचार्य ज्याचे नाव घेत, त्याच्यासाठीच हात वर होत.

या खेपेला दोघे उभे होते. माणिकशेट हा व्यापारी, हसतमुख, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. रावजी पाथरवट बोलायला तुसडा, पण बांधाचा दगडन्‌दगड ओळखणारा.

आचार्यांचा शिष्य म्हणाला, "गुरुजी, रावजीच योग्य आहे. तुम्ही एक शब्द बोललात की काम झाले."

"म्हणूनच भीती वाटते," आचार्य म्हणाले.

सभेच्या सकाळी आचार्य उठले तशी कुजबुज थांबली. कोणाचेच नाव न घेता ते मागच्या रांगेत बसलेल्या कान्हू कोष्ट्याजवळ गेले आणि सगळ्यांदेखत त्याच्या पायांवर त्यांनी डोके ठेवले.

कान्हू गडबडून मागे सरकला. "महाराज, हे काय करता?"

"गेल्या वेळी राखणदार म्हणून भानजीचे नाव मी सांगितले होते. तो सज्जन होता, नित्य माझ्याकडे येई. त्याला तलावाचे काय कळते, हे मी विचारले नाही. पाणी चढले तेव्हा त्याला अडकलेला दरवाजा उघडता आला नाही. बांध फुटला आणि तुझी बायको वाहून गेली."

कान्हू म्हणाला, "मीही विचारलं नव्हतं, महाराज. तुम्ही सांगितलंत, मी हात वर केला."

आचार्य त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. ते आणखी काही बोलतील म्हणून लोक थांबले. ते बोलले नाहीत. शेवटी कान्हूच उठला.

"शेट, दरवाजा गाळानं अडकला तर काय कराल?"

"माणसं बोलावीन."

"आणि माणसं येईपर्यंत?"

माणिकशेट आजूबाजूच्या लोकांकडे पाहू लागला. कान्हूने रावजीकडे पाहिले.

"अडकूच देणार नाही," रावजी म्हणाला. "गाळ चैत्रातच काढायचा. घरटी एक माणूस, आठ दिवस. येणार नसाल तर मला निवडू नका."

लोक कुरकुरले. एकामागून एक प्रश्न निघाले, वाद झाला, दुपार झाली. हात मोजले तेव्हा रावजी अवघ्या चार हातांच्या फरकाने निवडून आला होता.

परतताना शिष्य म्हणाला, "चारच! तुम्ही बोलला असतात तर सारे हात वर झाले असते."

"झाले असते, पण ते माझे हात असते. ज्यांना रावजी ठाऊक होता, त्यांना माझ्या शब्दाची गरज नव्हती. ज्यांना ठाऊक नव्हता, ते माझ्या शब्दापाशीच थांबले असते. निवडताना जो विचारत नाही, तो पुढेही विचारत नाही. भानजी वर्षानुवर्षे दरवाजाकडे फिरकला नाही. हे गावात एकानेही पाहिले नाही, आणि मीही नाही."

"आणि माणिकशेट निवडून आला असता तर?"

आचार्य चालता चालता थांबले. "सभेत मलाही तीच धास्ती होती," ते म्हणाले. "ते मला सोसावे लागले असते. पण त्याच्यावर गावाची नजर असती."

चैत्रात शिष्य बांधावरून जात होता. खाली गाळ काढण्याचे काम चालले होते. सभेत रावजीविरुद्ध हात वर करणारा एक तेली चिखलात उभा राहून रावजीला म्हणत होता, "मी तुला मत दिलेलं नाही. दरवाजा माझ्यासमोर पुन्हा उघडून दाखव."

रावजी पुटपुटला, पण त्याने दरवाजा उघडला. तो पूर्ण वर जाईपर्यंत तेली जागचा हलला नाही.

शिष्य उभा राहून पाहत राहिला. गुरुजींना विचारायचे असे आता त्याच्यापाशी काही उरले नव्हते.