अंगठ्यापुढचा दोरा

"बाई, मग वर्ग माझ्याकडेच ना?"

पराशरने हे विचारलं तेव्हा ओगलेबाई हार ओवत होत्या. चिपळूणला वाचनालयाच्या माडीवर त्या आम्हाला संगणकाचं शास्त्र शिकवायच्या. आता डोळे साथ देईनात, म्हणून वर्ग आमच्यापैकी कुणाला तरी सोपवायचा होता.

"तुझ्याकडे का?" बाईंनी विचारलं.

"तुमचं सगळं मी उचललंय, बाई. अगदी तुमच्यासारखं शिकवीन. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही."

खोटं नव्हतं ते. पराशर खडूसुद्धा बाईंसारखा धरायचा. वाक्य संपताना मान तशीच डोलवायचा. आम्ही त्याला 'धाकट्या बाई' म्हणून चिडवायचो, तर या पठ्ठ्याची छाती फुगायची. आता बोला!

"उलटसुलटाचं झालं का?" बाई म्हणाल्या.

हा त्यांचा लाडका प्रश्न. अक्षरांची लांबलचक ओळ द्यायची. 'नवजीवन'सारखा, उलटून वाचला तरी तोच राहणारा सगळ्यात लांब तुकडा प्रोग्रामने तिच्यातून शोधून काढायचा. बावळट रीत म्हणजे प्रत्येक अक्षरापाशी थांबून दोन्हीकडे पाहत सुटायचं. ओळ मोठी असली की संगणकाला घाम फुटतो.

बाईंची रीत मात्र फार देखणी. एकदा असा मोठा तुकडा सापडला, की त्याची उजवी बाजू म्हणजे डावीचं प्रतिबिंब. डावीकडे जे पाहून झालंय, ते उजवीकडे पुन्हा कशाला पाहायचं? तिथलं उत्तर इथे उचलून ठेवायचं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आनंदाने बाकावर हात आपटला होता. काय डोकं असतं एकेकाचं!

पराशरने लॅपटॉप उघडला. "सांगा कुठलीही ओळ."

बाईंनी डोळे मिटून एक ओळ सांगितली. उत्तर क्षणात आलं.

"वाच गं उलटं," बाई मला म्हणाल्या.

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"टोकं जुळत नाहीत, बाई."

पराशरचा चेहरा खर्रकन उतरला. "असं कसं होईल? तुम्ही शिकवलंत तसंच लिहिलंय मी..."

 अर्धवट हार बाईंनी परातीत ठेवला. उजवी बाजू पदराने झाकली आणि पदरावर एका जागी डाव्या हाताचा अंगठा दाबून धरला.

"मधल्या झेंडूपासून माझ्या अंगठ्यापर्यंत दोन्ही बाजू सारख्या आहेत. पदराखाली काय आहे, सांग."

त्यांचं दुसऱ्या हाताचं बोट पदरावरून सरकू लागलं. पराशर हाराच्या डाव्या बाजूकडे बघून सांगू लागला.

"शेवंती."

"इथे?"

"मरवा."

"इथे?"

"शेवंती."

बोट अंगठ्याच्या पुढे गेलं. "आणि इथे?"

त्याने डावीकडे पाहिलं. "अबोली."

बाईंनी पदर उचलला.

अंगठ्यापुढे नुसता दोरा होता.

...

पराशरने त्या दोऱ्याला बोट लावून पाहिलं.

"डावीकडचं उत्तर मी सगळंच उचललं," तो हळूच म्हणाला. "तुकड्याच्या कडेबाहेरचंसुद्धा. कडेपर्यंतच उचलायचं होतं. तिथून पुढे एकेक अक्षर स्वतः पाहायचं होतं."

"सांगितलं होतं मी."

"हो, बाई. पण त्या दिवशी मी तुमचा हात बघत होतो. खडू कसा धरता ते."

मला हसू आलं. पण इतकं खरं बोलायला धीर लागतो.

त्याने प्रोग्रामात एक अट घातली आणि तीच ओळ पुन्हा दिली. या वेळी मी उलटून वाचलं तेव्हा अक्षर न् अक्षर जुळलं. मी टाळ्या वाजवल्या. तो मात्र वर्गाचं नावही न काढता लॅपटॉप पिशवीत भरायला लागला.

"उद्या काय शिकवशील?" बाईंनी विचारलं.

तो चमकला. मग ताठ उभा राहिला.

"मुलांनो, आधी नीट पाहा..."

आवाज बाईंचा. मानही तशीच डोलली. आणि मध्येच त्याची नजर परातीकडे गेली. तो थांबला.

...

"तुम्ही इथवर आणलंत, बाई," तो आता त्याच्या स्वतःच्या, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "इथून पुढचं मला माहीत नाही. पोरं काय विचारतात, कुठे अडतात... बघावं लागेल."

बाईंनी कमरेची माडीची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"सकाळी लवकर उघड. पोरं जिन्यात खोळंबतात."