राजकन्या मेखलेची भूक

एका राज्यात माणूस माणसाला भेटला की आधी ‘जेवलात का?’ असं विचारी. नाव मागाहून, गाव मागाहून. चोर सापडला तरी शिपाई आधी हेच विचारीत आणि मग त्याला बेड्या घालीत. साऱ्या राज्यात हा प्रश्न जिथे विचारायचा नाही असं घर एकच होतं, ते राजाचं. राजघराण्यातल्या कुणालाही ‘जेवलात का’ म्हणणं हा तिथे गुन्हा होता.

त्याचं कारण जुनं होतं. राजकन्या मेखला हिचे पणजोबा, राजे दृढकेतू, युद्धाला निघाले तेव्हा त्यांनी आपली भूक, आपली झोप आणि आपला शीण अशा तीन गोष्टी धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाकडे ठेवायला दिल्या. सात दिवस ते न खाता, न निजता, न थकता लढले आणि जिंकले. जिंकल्याच्या आनंदात ठेव परत आणायची राहून गेली. दरबारी म्हणाले, आणायची तरी कशाला, आपला राजा जांभई देत नाही याचं केवढं कौतुक आहे. आठव्या दिवशी विजयाच्या मिरवणुकीत दृढकेतू हत्तीवर बसल्या बसल्याच गेले. मिरवणूक संपेपर्यंत ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तेव्हापासून त्या घराण्यात जन्मलेल्या लेकराला ना भूक कळे, ना झोप, ना थकवा. धूम्रकेश मात्र दर पाळण्याशी एक साळुंकी पाठवी. ती साळुंकी त्या लेकराला जन्मभर सांगे: जेव, नीज, बस जरा. दरबाराने या लाजिरवाण्या गोष्टीचं भूषण केलं आणि कायदा केला, की राजरक्ताला जेवणाझोपेचं पक्ष्याने सांगावं, माणसाने नाही.

मेखला आता पंधरा वर्षांची होती. आई तिला आठवत नव्हती. वडिलांची साळुंकी शिकारीत ससाण्याने नेली, तेव्हा त्यांनी लाजेपायी ते कुणाला सांगितलं नाही आणि दहाव्या दिवशी ते घोड्यावरून कोसळले. सोळावं सरलं की मेखलेला गादीवर बसायचं होतं. तोवर मोठ्या महालात ती आणि तिची साळुंकी, घटिका, अशा दोघीच राहत. जेवायच्या वेळी मध्ये पडदा असे. पडद्यापलीकडून सुंदाई नावाची आचारीण ताट सरकवी. एकदा ताट तसंच परत गेलं तेव्हा सुंदाई न राहवून म्हणाली, “बाई, तुम्ही...” एवढ्यात पहारेकरी खाकरला. सुंदाईने तोंडाला पदर लावला. पुढे ती कधी बोलली नाही, पण मेखलेला ते अर्धं वाक्य पाठ झालं होतं. ते पुरं कसं होणार होतं याचा ती फार विचार करी.

एके सकाळी घटिका म्हणाली, “जेव.” आणि तिचं एक पीस गळून पडलं. “बस जरा,” म्हणाली, दुसरं पडलं. महिना सरता सरता तिच्या पंखांची पार रया गेली.

“तुला काय होतंय?” मेखलेने विचारलं.

“माझे शब्द संपत आले,” घटिका म्हणाली. “तीन जागी तीन कुप्या आहेत. तुझी ठेव तू आण.” या बोलण्याला मूठभर पिसं लागली.

दरबाराने चार दिवस खल केला आणि घटिकेसाठी सोन्याचा पिंजरा करायचा ठरवला. पाचव्या दिवशी मेखला घटिकेला खांद्यावर घेऊन एकटीच वेशीबाहेर पडली. कुणी अडवलं नाही. ‘जेवलात का’ हे काही कुणी विचारणार नव्हतंच.

वाटेत तिने एक गोष्ट ठरवली. घटिकेला होईल तेवढं बोलू द्यायचं नाही. पण मग जेवायचं कधी? ती स्वतःकडे नीट पाहू लागली, जसं परक्याच्या घरात पाहावं तसं. हात थरथरले की ती शिदोरी सोडी. रस्ता डोळ्यांपुढे पुसट झाला की झाडाखाली बसे. सूर्य बुडाला की निजे, झोप आली की नाही ते तिला कळत नसलं तरी. कधी चुके. एकदा ओढ्यात पाय घालून इतका वेळ बसली की उठताना घेरी आली. घटिका चोच उघडायला निघाली, तर मेखलेने तिच्या चोचीवर बोट ठेवलं.

पहिली जागा म्हणजे एक भोजनगृह. दारावर कावळा बसला होता.

कावळा म्हणाला, “पोटापुरतं खा. कमी खाल्लंस तर दार उघडणार नाही. जास्त खाल्लंस तर इथलाच खांब होशील.”

आत खांब पुष्कळ होते आणि सगळ्यांचे गाल फुगलेले होते. पानावर पुरणपोळ्या, खिरी, तळलेल्या कुरडया यांची रास होती. कुठे थांबायचं हे पोट सांगतं म्हणतात. मेखलेचं पोट पंधरा वर्षांत काही बोललं नव्हतं. मग तिने सुंदाईचं ताट आठवलं. दोन भाकऱ्या, वाटीभर वरण, पालेभाजी, मूठभर भात. तेवढ्या मापाचं तिने घेतलं, सावकाश खाल्लं, आणि हात धुतला. रिकाम्या द्रोणात कुपी निघाली.

“ही भूक,” कावळा म्हणाला. “तिन्ही मिळाल्यावाचून एकीचंही बूच काढू नकोस.”

दुसरी जागा म्हणजे एक माळ. तिथे तिच्याच वयाची पोरंपोरी झोके घेत होती. त्यांनी तिला नावाने हाक मारली. तिला नावाने हाक मारणारं आजवर कुणी नव्हतं, सगळे ‘राजकन्ये’ म्हणत. त्यांनी तिच्या केसांत फुलं माळली, तिला शेजारी बसवलं, तिच्या साध्या बोलण्यावर हसले. मेखला दिवसभर हसली. आपल्याला हसता येतं हेच तिला नवीन होतं. सूर्य कलला तशी ती म्हणाली, “आता मला निजलं पाहिजे.”

“झोप तर तुला येत नाही,” एक मुलगी म्हणाली. “मग कशाला? आम्ही कुणीच निजत नाही.”

“तरी निजलं पाहिजे.”

“नीज की. पण सकाळी आम्ही इथे नसू.”

मेखला त्या सगळ्यांकडे पाहत राहिली. त्यांचे चेहरे हसरे होते, पण डोळ्यांखाली काळं होतं आणि हात कुणाचे स्थिर नव्हते. ती खूण ती आता ओळखत होती. तिने एकेकाला सांगून पाहिलं, “तुम्हीही निजा.” ते हसले, मग तिची टर उडवू लागले, मग त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. ती गवतावर आडवी झाली. तिला रडू आलं आणि रडता रडताच तिने डोळे मिटून घेतले. सकाळी माळ रिकामा होता. झोके वाऱ्याने हलत होते, उशाशी दुसरी कुपी होती. ती थोडा वेळ एका झोक्यावर बसली, एकटीच, आणि मग चालू लागली.

तिसरी जागा धूम्रकेशाचं घर. तो फार म्हातारा झाला होता. त्याच्या फळ्यांवर लोकांच्या ठेवी धूळ खात पडल्या होत्या: कुणाचा राग, कुणाची लाज, कुणाचं बालपण.

“तीन पिढ्यांत तूच पहिली आलीस,” तो म्हणाला. “शीण कुपीत नाही. तो तुझ्या पक्ष्याच्या गळ्यात दोऱ्याने बांधला आहे, त्याच्याच बळावर पक्षी बोलतो. हा दोरा सोडलास की तुझं सारं तुला मिळेल, आणि ती साधी साळुंकी होईल. तुला ओळखणारसुद्धा नाही.”

“आणि सोडला नाही तर?”

“तर मी तिला नवी पिसं देतो. ती तुझ्याजवळ जन्मभर राहील. काय खा, कधी नीज, कुणाशी बोल, सगळं ती सांगेल. तुला कधी काही ठरवावं लागणार नाही.”

मेखलेने घटिकेला हातावर घेतलं. तिला फक्त घटिका हवी होती. राज्य नको, भूक नको, काही नको. “सांग,” ती म्हणाली. “काय करू?”

घटिकेच्या अंगावर एकच पीस उरलं होतं. ती म्हणाली, “हे तुझं तू ठरव.” तेही गळालं.

मेखला बराच वेळ त्या उघड्या अंगाच्या पाखराकडे पाहत बसली. पंधरा वर्षं तेच तेच सांगून ते झिजलं होतं. उद्या आपल्याला लेकरू झालं तर त्याच्यासाठी आणखी एक असंच झिजणार. आणि वडील? त्यांना ‘मला कळत नाही’ एवढं म्हणायचा धीर झाला असता, तर ते असते. तिला फार भीती वाटत होती. भीती वाटत असतानाच तिने दोरा सोडला आणि दोन्ही कुप्यांची बुचं काढली.

साळुंकीला सरसरून नवी पिसं फुटली. तिने मान वाकडी करून मेखलेकडे पाहिलं, कोण ही म्हणून, आणि खिडकीतून उडून गेली. त्याच क्षणी भूक, झोप आणि शीण तिघंही मेखलेवर एकदम येऊन पडले. तिला उभं राहवेना. तिने धूम्रकेशाच्या ओट्यावर अंग टाकलं. जागी झाली तेव्हा पोटात काहीतरी ओढत होतं, दुखत होतं, आणि ते तिचं होतं.

परतीची वाट लांब होती. खांद्यावर काही नाही याची तिला सवय होईना, राहून राहून हात तिथे जाई. राजवाड्यात पोचल्यावर तिने दरबार भरवला आणि सांगितलं, “तो कायदा मी मोडीत काढला.” दरबारी माना खाली घालून उभे राहिले. कायदा मोडीत निघाला तरी विचारायची सवय कुणाला होती? ती वाट पाहत राहिली. मग ती उठली आणि एकटीच मुदपाकखान्याकडे गेली.

सुंदाई चुलीशी भाकरी थापत होती. मध्ये पडदा नव्हता. तिने वर पाहिलं, मेखलेचा उतरलेला चेहरा पाहिला, पिठाचे हात पदराला पुसले. पहारेकरी दारात खाकरला. सुंदाईने या खेपेला तिकडे लक्ष दिलं नाही.

“मेखले,” ती म्हणाली, “जेवलीस का गं?”

मेखला तिच्याजवळ चुलीशी टेकली.

“नाही,” ती म्हणाली. “मला भूक लागली आहे.”

सुंदाईने तिथेच पाट मांडला, आणि शेजारी दुसरा स्वतःसाठी. त्या घराण्याचा शाप असा फिटला. तेव्हापासून तिथे साळुंक्या येतात, अंगणातले दाणे टिपतात आणि काही न सांगता उडून जातात. मेखला दर खेपेला त्यांच्याकडे निरखून पाहते. कहाणी इथवरच, ऐकणाऱ्यांनो, तुमचं जेवण झालंय ना?