धनेशाचा तिसरा प्रश्न

एका राज्यात तलाव काठोकाठ भरलेला होता आणि प्रजा मात्र तहानलेली होती. तलावाचा दरवाजा फक्त नेमलेल्या रखवालदाराच्या हाताने उघडे, आणि ती जागा रिकामी होती. उमेदवार येत. सिंहासनाशेजारी बसलेला धनेश पक्षी त्यांना तीन प्रश्न विचारी. त्या दरबारात उसने किंवा खोटे उत्तर देणाऱ्याची तत्काळ साळुंकी होई आणि ती तेच उत्तर घोकत राही. अंगण साळुंक्यांनी भरले, तरी राजाला त्याचे काही वाटेना. उमेदवार उन्हात उभे, महाराज पंख्याखाली.

त्या साळुंक्यांत केतकीचा धाकटा भाऊ मुकुंद होता. "अतिकष्ट हीच माझी उणीव, महाराज!" तो ओरडे. तलावाचे पाणी शिवले की साळुंकीचा पुन्हा माणूस होतो, असे लोक म्हणत. म्हणून त्याला सोडवायला केतकी निघाली.

राजद्वारी एकाने तिला अडवले. "तयार उत्तरं घ्या, ताई! महाराजांना आवडणारी!"

"आवडली असती तर ही माणसं उडत का असती?" म्हणून ती आत गेली.

धनेशाने विचारले, "तू कोण?"

"केतकी. गेल्या वर्षी आमच्या गावचा बांध फुटला. मी आधी नुसती माती लोटली, ती वाहून गेली. मग पेंढा आणि चिकणमाती कालवून भोक बुजवलं. ते अजून टिकून आहे."

तिला पंख फुटले नाहीत.

"तुझी उणीव?"

"मला पोहता येत नाही. म्हणून कमरेला दोर बांधल्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही."

राजा सावरून बसला. धनेशाने मान तिरकी केली. "तुला काही विचारायचे आहे?"

आजवर सगळे इथे हात जोडून म्हणत, "काही नाही, महाराज." केतकी म्हणाली, "आहे. माझ्याआधी इथे कोण होतं? त्याचं काय झालं?"



"तो स्वखुशीने सोडून गेला," राजा म्हणाला. त्याच्या अंगठ्याला तपकिरी पीस फुटले.

"महाराज, पुन्हा सांगा," केतकी म्हणाली.

राजाने पिसाकडे पाहिले. "तलावाच्या भिंतीला तडा गेला आहे, असे त्याने भर दरबारात सांगितले. मला ते ऐकायचे नव्हते. मी मांत्रिकाकडून त्याचा पक्षी करवला. कोणी त्याची विचारपूस करीपर्यंत त्याने फक्त विचारत बसावे, असा तो शाप होता."

पीस गळाले. धनेशाची चोच विरघळली आणि त्या जागी एक पाठीत वाकलेला म्हातारा उभा राहिला. "किती वाट पाहिली, पोरी," तो म्हणाला.

"आजोबा, ही जागा तुमची."

"माझे गुडघे गेले. तू ये, मी शिकवतो."

केतकी राजाकडे वळली. "आधी भिंत दुरुस्त होईल. मग मी नेमणूक घेईन."

"होईल," राजा पुटपुटला. आणि या वेळी एकही पीस फुटले नाही.

गवंडी आले, तडा सांधला गेला, नेमणूक झाली. केतकीने दरवाजा उचलला. पाणी पाटांतून धावत राजअंगणात शिरले, आणि ज्या साळुंकीला ते शिवले, तिचा माणूस झाला.

मुकुंद चिखलात बसला होता, सवयीने तोंड उघडून. केतकी त्याच्याजवळ वाकली. "बोल ना रे," ती म्हणाली.

त्याने पाटातल्या पाण्याकडे पाहिले.

"ताई, मला तहान लागलीय."

हे त्याचे स्वतःचे उत्तर होते. तिने ओंजळ भरून त्याच्या ओठांशी धरली. त्या राज्यात त्या दिवशी सगळे पोटभर पाणी प्याले, आणि अंगणात उरली ती नुसती पिसे.